धबधब्यामागची गिटार

दादाने हातात ठेवलेल्या कॅसेटवर नाव-गाव काही नव्हतं. एका कडेला निळ्या शाईत फक्त चार आकडे: २११२. "रात्री ऐक. दिवा बंद कर, हेडफोन लाव आणि मध्ये थांबवू नकोस," एवढं सांगून तो निघून गेला. मी तेव्हा सतरा वर्षांची. गाणं म्हणजे तीन-चार मिनिटं, फार तर पाच, अशी माझी समजूत. रश या बँडचं हे गाणं वीस मिनिटं झाली तरी संपत नाही, हे त्या रात्री अंधारात कळलं.

सुरुवातीला दुरून काहीतरी घोंघावत येतं. वारा म्हणावा तर त्यात धातूचा वास आहे, यंत्र म्हणावं तर ते श्वास घेतल्यासारखं चढतं-उतरतं. मग गिटार, बेस आणि ड्रम एकाच ठोक्यावर तुटून पडतात, थांबतात, पुन्हा तुटून पडतात. साडेचार मिनिटं हा धुमाकूळ चालतो. त्याच्या शेवटी रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या '१८१२' या रचनेतली ओळखीची धून क्षणभर चमकून जाते, एक स्फोट होतो, आणि त्या शांततेत एकच माणूस बायबलमधलं वाक्य म्हणतो: सौम्य ते पृथ्वीचे वतन भोगतील. एवढं म्हणून होताच तोच गायक इतक्या वरच्या पट्टीत ओरडू लागतो की मी हेडफोन कानापासून थोडे दूर धरले होते.

त्या कॅसेटसोबत कागद नव्हता. मूळ रेकॉर्डच्या पाकिटात गोष्ट छापलेली असते, हे मला माहीतच नव्हतं. त्यामुळे मी माझी गोष्ट ऐकली. वरच्या पट्टीत ओरडणारे ते नायक, हे मी धरूनच चालले. किती रुबाब होता त्यांच्या आवाजात! शब्द अर्धेमुर्धे कळत होते, आम्ही सगळ्याची काळजी घेतली आहे असं काहीतरी ते सांगत होते, आणि मला ते पटत होतं. त्यानंतर येणारा मवाळ आवाज म्हणजे एखादा वाट चुकलेला पोर, ज्याला हे लोक शेवटी सांभाळून घेतील, अशी माझी कल्पना. पाच वर्षं मी ही गोष्ट अशी उलटी ऐकली. आता त्याची लाज वाटत नाही. सत्तेचा आवाज कानाला गोड लागतो, हे त्या अल्बमने मला आधी अनुभवायला लावलं आणि नंतर समजावलं. कागद हातात असता तर पहिल्याच रात्री मी शहाणी झाले असते आणि हा अनुभव हुकला असता.

'२११२' हा कॅनडाच्या रश या बँडचा १९७६ चा अल्बम. गेडी ली बेस वाजवतो आणि गातो, ॲलेक्स लाइफसन गिटार वाजवतो, आणि ड्रमवर नील पीर्ट. शब्द पीर्टचे. तो १९७४ मध्ये बँडमध्ये आला, आणि वाचणारा माणूस म्हणून गीतलेखनाचं काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याआधीचा १९७५ चा त्यांचा अल्बम साफ पडला होता. त्यातही लांबलचक कथागीतं होती, लोकांना ती झेपली नाहीत. गर्दी आटली, छोट्या जागी वाजवायची वेळ आली, आणि त्या दौऱ्याला त्यांनी स्वतःच 'आम्ही गाळात चाललो' अशा अर्थाचं नाव ठेवलं. रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं सरळ होतं: छोटी गाणी करा, रेडिओवर चालतील अशी करा. तिघांनी टोरोंटोच्या स्टुडिओत जाऊन, निर्माता टेरी ब्राउनला सोबत घेऊन, पहिल्या बाजूवर वीस मिनिटांचं एकच गाणं ठेवलं. बुडायचंच आहे तर आपल्या मनासारखं करून बुडू, असा हिशेब. पुढे एकट्या अमेरिकेत या अल्बमला ३० लाख प्रतींच्या विक्रीचं प्रमाणपत्र मिळालं, पण स्टुडिओत शिरताना त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

वीसच मिनिटं का, याला कारण आहे आणि ते कारण मला फार आवडतं. रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या घेते. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं आरामात मावतात. त्याहून जास्त भरायचं तर चर एकमेकांना खेटून काढावे लागतात, मग आवाज दबतो, आणि सगळ्यात आधी खालचे स्वर मार खातात. म्हणजे या महाकथेची लांबी ठरवली ती एका तबकडीच्या त्रिज्येने. सात प्रकरणं, एक जग, एक माणूस, त्याचं मरण आणि एक युद्ध, हे सगळं सुईने कडेपासून मधल्या गोल कागदापर्यंत पोचायच्या आत आटपायचं. दुसऱ्या बाजूला पाच सुटी गाणी आहेत, त्यांचा या कथेशी संबंध नाही. अख्ख्या अल्बमला लोक कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम, म्हणतात ते खरं तर अर्ध्यापुरतंच लागू आहे. मला ते अर्धं पुरतं. या प्रकारातले पुढचे अनेक अल्बम दोन-दोन तबकड्यांवर पसरले आणि त्यांतल्या कितीतरींना वीस मिनिटांचा धाक असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत आलं आहे.

पाच वर्षांनी मूळ रेकॉर्ड हाती आली. मुखपृष्ठावर लाल तारा. आत जवळजवळ प्रत्येक भागाआधी गद्यात छापलेला मजकूर, रोजनिशीच्या सुरात. लिहिणाऱ्याला नाव नाही. तो मेगाडॉन नावाच्या शहरात राहतो. वर दोन फिकट चंद्र, खाली करडं शहर, आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळू नये असा एकच करडेपणा. २०६२ सालच्या युद्धानंतर उरलेले ग्रह एका सौर संघाच्या लाल ताऱ्याखाली आणले गेले. तेव्हापासून शांतता आहे. दिवसभर यंत्राला जोडून घ्यायचं, संध्याकाळी मंदिराचं टीव्ही पाहायचं किंवा मंदिराचं वर्तमानपत्र वाचायचं. हा माणूस सुरुवातीला तक्रार करत नाही. आपलं बरं चाललंय असंच त्याला वाटत असतं, आणि मला ते सगळ्यात खरं वाटलं. अशा गोष्टींमध्ये नायकाला पहिल्या पानापासून कोंडल्यासारखं वाटत असतं. याला वाटत नाही.

सिरिंक्सच्या मंदिरांमधले पुजारी हे सगळं चालवतात. माझे सतराव्या वर्षीचे नायक ते हेच. तुम्ही वाचता ते शब्द, तुम्ही गाता ती गाणी, तुमच्या डोळ्यांना सुखावणारी चित्रं, सगळं आम्ही बघतो, असं ते सांगत असतात. नीट पाहिलं तर या जगात संगीत आहे. मंदिराचं संगीत आहे. स्वतःच्या हाताने ते कुणी करत नाही, एवढंच. गाणं नळाच्या पाण्यासारखं घरी येतं.

सिरिंक्स हे नाव कुठून आलं ते मी नंतर शोधलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ग्रीक पुराणात सिरिंक्स ही एक अप्सरा. पॅन हा वनदेव तिच्या मागे लागतो, पळता पळता ती नदीकाठी वेत होते, आणि त्याच वेताच्या नळ्या कापून, जोडून पॅन आपला पावा बनवतो. पक्ष्यांच्या श्वासनलिकेच्या तळाशी जिथून आवाज निघतो त्या अवयवालाही शास्त्रज्ञ सिरिंक्सच म्हणतात. म्हणजे ज्या देवळात हाताने वाजवलेल्या वाद्याला जागा नाही, त्याच्या दारावर पाव्याचं नाव कोरलेलं आहे. पीर्टने हे जाणून केलं असेल असं मी धरते, कारण तो शब्द चाळून घेणारा माणूस होता. पण गोष्टीच्या आत राहून पाहिलं तर आणखी भीती वाटते. त्या पुजाऱ्यांना तरी हा अर्थ ठाऊक असेल का? की पिढ्यानपिढ्या उच्चारून त्यांच्या तोंडीही ते नुसतं नाव उरलं असेल?

तर साधारण पावणेसात मिनिटांनी सगळं थांबतं. पाणी पडत असतं. आपल्या आवडत्या धबधब्यामागच्या गुहेत या माणसाला धूळ खात पडलेली एक वस्तू सापडते. तारा, खुंट्या, लाकूड. हे काय आहे त्याला माहीत नाही. आणि पाण्याच्या त्या आवाजात आपल्याला एक तार ऐकू येते. मोकळीच, बोट न ठेवता छेडलेली. मग दुसरी. दोघींचं जमत नाही. मग कुणीतरी खुंटी पिळतं आणि स्वर किंचित वर सरकतो.

या तीन-साडेतीन मिनिटांसाठी हा लेख लिहिते आहे.

आधीची पावणेसात मिनिटं लाइफसनने गिटार अक्षरशः पेटवलेली असते. तोच माणूस आता, ज्याने कधी तार पाहिलेली नाही अशा बोटांनी वाजवतो. हे अवघड आहे. येत नसल्याचं सोंग पटकन उघडं पडतं, कारण आलेला हात चुकतानाही डौलाने चुकतो. लाइफसनच्या इथे डौल नाही. एक तार, मग वाट बघणं. पुन्हा तीच तार, आधीपेक्षा जरा जोरात. मग दोन तारा एकदम, आणि त्या एकत्र बऱ्या लागल्या म्हणून तिसऱ्यांदा त्याच. ही सगळी सुरांची जमवाजमव, जी कुठलाही वादक श्रोत्यांसमोर यायच्या आधी उरकून टाकतो, ती इथे गोष्टीच्या ऐन मध्यावर आहे. स्टुडिओत असली फीत कापून फेकतात. इथे ती फेकली असती तर गोष्टच उरली नसती. या अल्बममधलं विज्ञानकथेचं सगळ्यात धाडसी पान मला हे वाटतं. सौर संघ, दोन चंद्र, लाल तारा हे कुणीही कल्पून दाखवील. ज्या कानांनी कधी हाताने जुळवलेला सूर ऐकलेला नाही, त्या कानांत आपल्याला नेऊन बसवायचं, आणि तेही एका शब्दाविना, हे करायला संगीतच लागतं.

मला हे कळलं कारण दादाने मला गिटार लावायला शिकवली होती. वाजवायला नंतर. आधी लावायला. जुनी, एका खुंटीला सैल पडणारी गिटार होती. सगळ्यात जाड तारेवर, पाचव्या फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या, बरोबर वर, बोट नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही. छेडायचं आणि लगेच बोट उचलायचं. घंटेसारखा बारीक, वर तरंगणारा स्वर येतो. त्याला हार्मोनिक म्हणतात. शेजारच्या तारेवर सातव्या फ्रेटपाशी तेच करायचं. बोट उचललं तरी हे स्वर वाजत राहतात, म्हणून डावा हात खुंटी पिळायला मोकळा होतो. दोन्ही स्वर हवेत असताना कान द्यायचा. जुळले नसतील तर त्यांच्यामध्ये एक लाट ऐकू येते, वाँव-वाँव-वाँव. खुंटी योग्य बाजूला फिरवली की लाट मंदावते, वाँऽऽव, वाँऽऽऽऽव, आणि मग एका क्षणी निपचित होते. दोन तारा आहेत हे विसरायला होतं.

पहिल्यांदा ती लाट थांबली तेव्हा माझ्या हातावर काटा आला होता. दादा म्हणाला, "आली ना?" मी नुसती मान हलवली. बोलले असते तर ते विरलं असतं.

पुढे कधीतरी मी त्याचं गणित मांडून पाहिलं. जाड तार सेकंदाला ८२.४ वेळा थरथरते, पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक तिच्या चौपट, म्हणजे ३२९.६ च्या आसपास. शेजारची तार ११०, सातव्या फ्रेटचा तिच्या तिप्पट, ३३०. गिटार अगदी पुस्तकाप्रमाणे लावली तर या दोघांत जेमतेम अर्ध्याहून कमी कंपनाचा फरक राहतो, आणि अडीच-तीन सेकंदांत एक अशी संथ लाट राहतेच. ती पुरती थांबवली तर एक तार बाकीच्या वाद्यांच्या हिशेबाने केसभर चुकते. म्हणजे मला काटा आला तेव्हा गिटार काटेकोरपणे लागलेली नव्हती. हे कळल्यावर मी दादाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "मग काय, काटा परत देणार आहेस का?"

गोष्टीतला माणूस वाजवायला शिकतो आणि त्याला एकच गोष्ट सुचते: पुजाऱ्यांना दाखवू. ते किती खूश होतील! इथून पुढचं मला अजून छातीवर दगड ठेवून ऐकावं लागतं. या भागात गेडी ली दोन्ही बाजूंनी गातो. मुलगा बोलतो तेव्हा आवाज खालचा, उबदार, मागे गिटार स्वच्छ, नितळ. पुजारी उत्तर देतात तेव्हा तोच गळा वरच्या पट्टीत किंचाळतो आणि गिटार खरखरीत होते. एकच माणूस, दोन आवाज, दोन गिटारी. त्यांना हे वाद्य माहीत असतं, हा यातला खरा घाव. हो, आम्हाला ठाऊक आहे, यात नवं काही नाही, जुन्या माणसांचा नाश करणाऱ्या खेळण्यांपैकीच हे एक, असं ते सांगतात. फादर ब्राउन नावाचा पुजारी उठतो आणि गिटार पायाखाली चुरडतो, हे छापलेल्या मजकुरात आहे. गाण्यात ते शब्दांत नाही. तिथे लाइफसनचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारने पुढे होऊन वाजवलेला तुकडा येतो, कर्कश आणि उद्दाम. ज्या वाद्याचे तुकडे होतात तेच वाद्य तुकडे होण्याचं वर्णन करतं. कागद नसताना मला हा सोलो विजयाचा वाटायचा. पुजाऱ्यांच्या दृष्टीने तो आहेच.

याच ठिकाणी राजकारणाचं बोलायला हवं, कारण ते टाळून या अल्बमवर प्रेम करता येत नाही. लेखिका आयन रँड यांच्या १९३८ च्या 'अँथम' या छोट्या कादंबरीशी या कथेचं साम्य उघड आहे. तिथल्या माणसाला विजेचा दिवा गवसतो आणि तोही तो सत्तेपुढे घेऊन जातो. पीर्टने लपवाछपवी केली नाही, रेकॉर्डवरच रँड यांच्या प्रतिभेचं ऋण छापलं. त्याची किंमत त्यांनी मोजली. १९७८ मध्ये एका ब्रिटिश संगीत-साप्ताहिकातल्या लेखाने त्यांच्यावर फॅसिस्ट विचारांचा शिक्का मारला. गेडी लीचे आई-वडील नाझी छळछावण्यांमधून जिवंत वाचलेले पोलिश ज्यू. त्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, हे मला लिहवत नाही. रँड यांचा माणूस मला परका आहे. कुणाचं देणं न लागणारा, एकट्याच्या बळावर उभा राहणारा. पीर्टही पुढच्या आयुष्यात त्या विचारापासून बराच दूर सरकला. पण गाण्यातला माणूस मला तसा दिसतच नाही. वस्तू सापडल्यावर तो ती स्वतःपाशी ठेवत नाही. पहिल्याच दिवशी ती सगळ्यांना द्यायला धावतो. शिवाय त्याला सापडलेली गिटार कुणीतरी आधी घडवलेली होती. धूळ कुणाच्या तरी जाण्यानंतर बसली होती.

पुढे तो स्वप्न पाहतो. जुनी माणसं ग्रह सोडून गेली, ती कुठेतरी दूर राहतात, आपल्या हातांनी घडवतात, आणि एक दिवस परत येऊन ही मंदिरं पाडणार आहेत. जागा झाल्यावर त्याला हे करडं शहर सोसत नाही. गुहेत परत जाऊन तो जीव देतो. दोन मिनिटं आणि काही सेकंदांच्या या भागात लाइफसनचा सोलो आहे, आणि लोक त्याची फार स्तुती करतात. सोलो सुंदर आहे. पण हा शेवट मला पीर्टच्या तरुण वयाचा वाटतो. तेविसाव्या वर्षी मरण हे उत्तर वाटू शकतं. आज मी त्या माणसाला गुहेत आणखी थोडे दिवस ठेवलं असतं, तारा नसल्या तरी.

या धर्तीच्या इतर महाकथा मी ऐकल्या नाहीत असं नाही. फ्रान्समध्ये क्रिस्तियाँ व्हाँदेर नावाच्या ड्रमरने मॅग्मा हा बँड काढला, पृथ्वी सोडून कोबाया ग्रहावर गेलेल्या माणसांची गोष्ट १९७० पासून सांगायला घेतली, आणि त्यासाठी कोबायन ही अख्खी भाषाच रचली. तिथे शब्द कळायचा प्रश्नच नाही, आणि तरी ते सैन्यासारखं चालून येणारं समूहगान ऐकताना कुठल्यातरी धर्माच्या दारात उभं असल्यासारखं वाटतं. माझ्या उलट्या ऐकलेल्या कॅसेटची आठवण मला तिथे हमखास होते. हॉलंडच्या आर्येन लुकासनचा आयरिऑन हा प्रकल्प वेगळा. पहिल्या, १९९५ च्या अल्बममध्ये सहाव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या एका आंधळ्या गवयाला २०८४ मधल्या शास्त्रज्ञांचे संदेश ऐकू येऊ लागतात. तिथून सुरू झालेला धागा अल्बमांमागून अल्बम वाढत गेला. २००८ च्या अल्बमचं नाव नुसतंच ०१०११००१, संगणकाच्या भाषेत वाय हे अक्षर. वाय ग्रहावरची माणसं यंत्रांवर इतकी विसंबली आहेत की अमर झाली आणि भावना गमावून बसली. पात्रागणिक वेगळा गायक. तिथे मी रमते, पण त्यात मला कुणी तार लावताना सापडत नाही. सगळे सगळं स्पष्ट सांगतात.

रशने स्वतःही पुन्हा अवकाशात फेरी मारली. १९७७ च्या अल्बमच्या शेवटी सिग्नस एक्स-वन या खऱ्याखुऱ्या कृष्णविवराच्या दिशेने एक माणूस यान घेऊन निघतो. यानाचं नाव डॉन किहोटेच्या घोड्याचं. तो आत ओढला जातो आणि अल्बम तिथेच तुटतो. उरलेली गोष्ट पुढच्या वर्षीच्या अल्बमवर. एक वर्ष माणसाला कृष्णविवरात लटकत ठेवलं! तेव्हाच्या श्रोत्यांचा मला हेवा वाटतो. मी दोन्ही अल्बम एकाच संध्याकाळी ऐकले आणि मधलं वर्ष गमावलं.

'२११२' च्या शेवटावरून दादाचं आणि माझं कधी जमलं नाही. माणूस मेल्यावर युद्धाचा गदारोळ होतो आणि त्यातून एक सपाट, यांत्रिक आवाज सौर संघाच्या सर्व ग्रहांना उद्देशून घोषणा करतो. तीनदा. मग सांगतो, आम्ही ताबा घेतला आहे. तेही तीनदा. संपलं. आम्ही म्हणजे कोण? दादाच्या मते जुनी माणसं परत आली, मंदिरं पडली, मुलाचं स्वप्न खरं झालं, फक्त ते पाहायला तो उरला नाही. माझं म्हणणं, ज्यांच्या हातात गिटार असते ते असं बोलत नाहीत. हा पुजाऱ्यांचाच आवाज आहे. किंवा आले असतील जुनेच लोक, पण ताबा घेतल्यावर त्यांचाही आवाज असा झाला. "तू ना, पाच वर्षं उलटं ऐकून बिघडलीस," असं तो म्हणायचा. आम्ही यावरून खरंच भांडलो आहोत, ताट बाजूला सारून.

नील पीर्ट ७ जानेवारी २०२० ला गेला. मेंदूचा कर्करोग होता, आणि साडेतीन वर्षं जवळच्या माणसांनी तो जगाला कळू दिला नव्हता. बातमी तीन दिवसांनी आली. त्या रात्री दादाचा फोन आला. तो एका शहरात, मी दुसऱ्या. बराच वेळ दोघं काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "लाव. मी पण लावतो. दिवा बंद कर."

फोन स्पीकरवर ठेवला. माझ्या खोलीत माझी रेकॉर्ड, फोनमधून त्याची. तीन म्हणताच दोघांनी सुई टेकवली तरी त्याचं अर्धा सेकंद मागे. धुमाकुळात ते फारसं कळलं नाही, सगळं दुप्पट गजबजलं एवढंच. पण पाणी सुरू झालं आणि पहिली तार वाजली, आणि तिच्या पाठोपाठ फोनमधून तीच तार. "तुझी पुढे आहे," तो म्हणाला. मी सुई उचलून पुन्हा टेकवली. आता माझ्याकडे दोन्ही अगदी एकावर एक बसले. "जुळलं," मी म्हटलं. "कुठे? माझ्याकडे आणखी लांबलं." तेव्हा लक्षात आलं. आवाजाला त्याच्याकडे जायला जो वेळ लागतो तोच माझ्याकडे यायलाही. माझ्याकडे जुळवलं तर त्याच्याकडे दुपटीने चुकणार.

"मग तुझ्याकडे जुळू दे," मी म्हटलं. त्याने त्याची रेकॉर्ड थांबवली, थोडी मागे घेतली, पुन्हा सोडली. "हां, आता," तो म्हणाला आणि गप्प झाला. माझ्या खोलीत मग सगळं दोनदा होत राहिलं. मुलगा आनंदाने धावत गेला, आणि अर्ध्या-पाऊण सेकंदाने पुन्हा गेला. पुजारी दोनदा ओरडले. तीन घोषणांच्या सहा झाल्या.

"कोण बोलतंय?" दादाने विचारलं.

"पुजारीच."

"नाही गं."

माझ्याकडे सुई मधल्या कागदापाशी जाऊन खरखरत राहिली. मग फोनमधून त्याच्याकडचीही.